खुब्याचं हाड जुळलं, बाबा मात्र उठत नाहीत

प्रश्न: बाबा ७४ वर्षांचे आहेत. सातपूरला एका कंपनीच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे-अवजारं अचूक मापात बनवण्याच्या विभागात, होते. नवीन नाशिकला सिडकोच्या रो-हाउसमध्ये आई आणि ते दोघंच राहतात, मी पुण्याला असते. पावसाळ्याच्या सुरुवातीला ते रात्री बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. त्याला आता चार महिने होतील. सर्जन म्हणतात, एक्स-रे उत्तम आहे, चालायला हवं. पण बाबा पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर. फिजिओथेरपिस्टला रोज 'आज नको' म्हणून परत पाठवायचे, शेवटी त्यांनी येणं थांबवलं. जेवण कमी झालंय, रात्री झोप नाही, टीव्ही नुसता चालू असतो. भाऊ म्हणतो, वय झालं, त्यांच्या मागे लागू नकोस. हा आळस आहे, वय आहे की डिप्रेशन? आणि या विषयावर एवढं संशोधन झालंय म्हणतात, त्यातलं आमच्या कामाचं काय?

उत्तर:

आळस हा शब्द आधी काढून टाका. टूलरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस चार महिन्यांत आळशी होत नाही. 'वय झालं' हेही उत्तर नव्हे. पडायच्या आदल्या दिवशीही त्यांचं वय तेवढंच होतं आणि तेव्हा ते चालत होते.

मी मूळची फिजिओथेरपिस्ट, पुढे सार्वजनिक आरोग्याकडे वळले. नाशिक शहरात आणि निफाड-दिंडोरीकडच्या गावांत ज्येष्ठांच्या घरी जाऊन पुनर्वसन आणि पाहणी अशी दोन्ही कामं करते. तुमच्या बाबांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे निदान करणार नाही. पण असं घर माझ्या ओळखीचं आहे. माझं म्हणणं एवढंच की बाबांचे पाय आणि बाबांचं मन यांच्या दोन फायली करू नका. दवाखान्यात त्या आपोआप होतात. हाड सर्जनकडे, स्नायू फिजिओकडे आणि मन कोणाकडेच नाही. एक्स-रे चांगला आला की सगळ्यांच्या लेखी काम संपलं. घरात मात्र पाय लटपटतात म्हणून उठायची धास्ती, धास्तीमुळे बसून राहणं, बसून राहिल्यामुळे पाय आणखी लटपटणं, आणि दिवसभर बसून 'आता आपला कोणाला काय उपयोग' हे डोक्यात फिरत राहणं, असं एकात एक अडकलेलं असतं. फक्त व्यायाम सांगणारा यात हरतो. फक्त 'मन खंबीर ठेवा' सांगणारा तर त्याहून आधी.

बसून राहण्याची किंमत किती असते, याचा अंदाज घरच्यांना नसतो. २००७ साली एक छोटा पण डोळे उघडणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. धडधाकट ज्येष्ठ माणसांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तेवढ्यात पायांच्या मांसातलं सुमारे एक किलो वजन गेलं. ही आजारी नसलेली माणसं, दहा दिवस. तुमच्या बाबांचं ऑपरेशन झालंय आणि चार महिने झालेत. तेव्हा ते 'अंगात त्राण नाही' म्हणत असतील तर ते खरंच सांगताहेत, निमित्त काढत नाहीत.

आता डिप्रेशन. आपल्या देशात ज्येष्ठांची सर्वांत मोठी पाहणी म्हणजे 'लासी'. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये तिची पहिली फेरी केली, ४५ वर्षांवरच्या सुमारे ७२,००० लोकांना गाठलं. त्यात साठीच्या पुढच्यांना ठरावीक प्रश्न विचारून पाहिलं तेव्हा ८.३ टक्के लोकांत डिप्रेशनची लक्षणं दिसली. 'डॉक्टरांनी तुम्हाला डिप्रेशन आहे असं कधी सांगितलंय का' या प्रश्नाला मात्र ०.८ टक्केच हो म्हणाले. म्हणजे दहांतल्या नऊ जणांचं कुणाच्या लक्षातही आलेलं नाही. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

का लक्षात येत नाही, ते पाहणी करताना रोज दिसतं. पंचवटीतलं एखादं घर घ्या. आजोबा खुर्चीत, शेजारी मुलगा, सूनबाई चहाचा ट्रे घेऊन दारात. 'आजोबा, उदास वाटतं का?' 'छे हो, आमचं सगळं बरं आहे, पोरं बघतात.' फॉर्मवर 'नाही' अशी खूण होते. तेच आजोबा आम्ही चपला घालत असताना हळूच म्हणतात, 'रात्री दोनला जाग येते, मग उजाडेपर्यंत नुसतं आढ्याकडे बघत पडायचं.' म्हणून आता आम्ही घरच्यांना नम्रपणे आतल्या खोलीत पाठवतो आणि मगच विचारतो. तुम्हीही बाबांशी बोलाल तेव्हा आई समोर नको, फोनचा स्पीकर चालू नको. 'तुम्हाला डिप्रेशन आलंय का' असंही नको. 'हल्ली कशात जीव रमत नाही का', 'पूर्वी आवडायचं ते करावंसं वाटतं का', 'रात्री जाग आली की डोक्यात काय येतं' एवढं पुरतं. उत्तराला वेळ लागला तर मध्ये बोलू नका.

ज्येष्ठांसाठी खास बनवलेली एक प्रश्नावली आहे, जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल. १९८२ मध्ये ती तीस प्रश्नांची निघाली, पुढे पंधरा प्रश्नांची आटोपशीर आवृत्ती आली. उत्तरं फक्त हो किंवा नाही. तिचं वैशिष्ट्य असं की भूक, झोप असले शरीराचे प्रश्न तिच्यात मुद्दाम ठेवलेले नाहीत, कारण म्हातारपणी ते दुसऱ्या शंभर कारणांनी बिघडतात. पंधरापैकी पाच किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांना दाखवायचं. ही चाळणी आहे, निदान नव्हे. फॅमिली डॉक्टरसुद्धा दहा मिनिटांत करू शकतात.

पण त्याआधी, आणि हे मी अगदी आग्रहाने सांगते, काही साध्या गोष्टी तपासून घ्या. मनाचा आजार म्हणून आलेल्या किती तरी ज्येष्ठांत खरा गुन्हेगार दुसराच निघतो. रक्तातलं सोडियम कमी झालं की माणूस सुस्त, गोंधळलेला, जेवणावर वासना नसलेला होतो, आणि बीपीच्या काही गोळ्यांनी, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी, ते कमी होतं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ पाहा. शुद्ध शाकाहारी घरात बी-१२ची कमतरता फार सापडते. दुखणं किती आहे ते विचारा, कारण आपल्याकडचे पुरुष 'दुखतंय' म्हणण्याऐवजी 'नको' म्हणतात. टीव्ही नुसता चालू असतो असं तुम्ही लिहिलंय. त्यांना ऐकू नीट येतं का? मोतीबिंदू आहे का? ज्याला धड ऐकू येत नाही तो हळूहळू बोलणं सोडतो आणि घरच्यांना वाटतं, विरक्ती आली.

ते रात्री बाथरूममध्ये पडले, यावरही माझी नजर अडते. या वयात रात्री उठणं पुष्कळदा प्रोस्टेटमुळे, आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उभं राहताना बीपी एकदम उतरतं. त्यात झोपेची गोळी असेल तर विचारायलाच नको. घरी बीपीचं मशीन असेल तर असं करा: पाच मिनिटं आडवं पडल्यावर बीपी घ्या, मग उभं करून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला परत घ्या. शेजारी कोणी तरी धरायला हवं. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर ते डॉक्टरांना सांगा. पडण्याचं कारण तसंच राहिलं आणि आपण व्यायाम करत बसलो, तर दुसरा खुबा मोडायची वाट बघण्यासारखं आहे.

दुसऱ्या खुब्यावरून आठवलं. उभ्याउभ्या पडून खुबा मोडतो तेव्हा हाडं ठिसूळ झालेली आहेत, असंच धरून चालायचं. ऑपरेशन होतं, पण त्या ठिसूळपणावर औषध सुरू करायचं राहून जातं. खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर वर्षातून एकदा सलाइनमधून झोलेड्रॉनिक ॲसिड दिलं तर नवी फ्रॅक्चरं सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होतात, असं २००७ मधल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. बाबांसाठी ते योग्य आहे का हे मूत्रपिंड, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पाहून डॉक्टर ठरवतील. पण विचारावं तुम्हालाच लागेल.

आता उठवायचं कसं.

निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदारांचं सांगते, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून. खुब्याचं असंच ऑपरेशन, असंच 'आज नको'. त्यांच्या उशाशी व्यायामाचा छापील कागद होता. पाय वर दहा वेळा, पाय बाजूला दहा वेळा. कागदाच्या घडीवर औषधाच्या बाटलीचा गोल डाग पडला होता, म्हणजे कागद उघडलाच जात नव्हता. सप्टेंबरचे दिवस होते. बोलता बोलता मी विचारलं, 'यंदा ऑक्टोबर छाटणी कोण बघणार?' माणूस उशीवरून वर सरकला. मजूर कशी डोळे झाकून काडी मारतात, कोणत्या काडीवर किती डोळे (कोंब फुटायच्या जागा) ठेवायचे, पोराला अजून कसं कळत नाही, हे पंधरा मिनिटं ऐकलं. कागद आम्ही बाजूला ठेवला. ठरलं एकच: छाटणी सुरू होईल त्या दिवशी पहिल्या ओळीशी जाऊन उभं राहायचं.

मग त्यासाठी काय काय लागतं ते मोजलं. बागेतल्या ढेकळांवर वॉकर चालत नाही, म्हणून चार पायांची काठी, आधी अंगणात, मग बांधावर. द्राक्षाच्या तारा डोक्याच्या वर, म्हणून उभ्याने दोन्ही हात वर नेऊन काही तरी गाठायचं. आम्ही पडवीतल्या दांडीला कपड्याचे चिमटे लावायला सांगायचो. तोल सांभाळायचा याहून चांगला व्यायाम कुठल्या कागदावर नाही. बराच वेळ उभं राहायचं, म्हणून सकाळचा चहा ओट्यापाशी उभ्याने. पहिले काही दिवस त्यांनी मला, मुलाला आणि काठीला शिव्याच घातल्या. छाटणीच्या दिवशी ते बागेच्या कडेला खुर्ची टाकून बसले आणि अधूनमधून उठून ओळीत गेले. काठी आजही आहे. झोप सुधारली, जेवण सुधारलं. त्याच काळात त्यांची डिप्रेशनची गोळीही चालू होती, हेही सांगायला हवं. गुण कशाचा किती, हे मला वेगळं काढून दाखवता येणार नाही.

यातलं शास्त्र अगदी साधं आहे. उत्साह आला की हालचाल करू, असं आपण धरून बसतो. मन खचलेल्या माणसात ते उलट चालतं: आधी थोडी हालचाल, मग उत्साह. पण ती हालचाल त्या माणसाच्या लेखी कशासाठी तरी हवी. तुमच्या बाबांची 'छाटणी' काय आहे, हे मला इथून कळणार नाही. आईला विचारा, पडायच्या आधी सकाळी दहा वाजता बाबा कुठे असायचे? त्रिमूर्ती चौकातल्या टपरीवर जुन्या कामगारांबरोबर? गच्चीवर कुंड्यांत? शेजाऱ्यांचा मिक्सर उघडून बसलेले? तिथपर्यंत पोचायला किती पावलं, किती पायऱ्या, किती वेळ उभं राहणं लागतं, यावरून व्यायाम ठरवायचा. नवा फिजिओथेरपिस्ट बोलवाल तेव्हा पहिल्या दिवशी त्यांना हेच सांगा. जो हे ऐकून घेईल तो ठेवा.

टूलरूमचा माणूस म्हटल्यावर एक गोष्ट नक्की चालेल: मोजमाप. बिनहाताची भक्कम खुर्ची, बैठक सुमारे १७ इंच उंच, पाठ भिंतीला टेकवलेली. हात छातीवर घडी करून अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं, ते मोजायचं. ७० ते ७४ वयाच्या पुरुषात बारापेक्षा कमी म्हणजे पायांत ताकद कमी. बाबांना सुरुवातीला हात टेकल्याशिवाय एकदाही जमणार नाही कदाचित. मग बैठकीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा, हात टेकू द्या, आणि तसं लिहून ठेवा. उशी काढली तो दिवस, एक हात सोडला तो दिवस, सगळं वहीत. वही त्यांनीच लिहायची, आईने नाही. आई समोर उभी राहील, पण आकडा सांगणार नाही. ज्याने जन्मभर मायक्रोमीटर वाचला, त्याला 'छान, छान, प्रगती आहे' हे ऐकवत नाही. त्याला आकडा दाखवा.

ताकद आणि तोल या दोन्हींचे व्यायाम हवेत, नुसतं चालणं पुरत नाही. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात घरच्या घरी करायचा असा एक कार्यक्रम तयार झाला: मांडी-पोटरीचे व्यायाम घोट्याला वजन बांधून, तोलाचे व्यायाम ओट्याला धरून, आणि जोडीला चालणं. त्याच्या चाचण्यांत पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटलं. आपल्याकडच्या अनेक फिजिओथेरपिस्टना तो माहीत असतो. अट एकच, वजन आणि अवघडपणा वाढवत न्यायचा. महिनोन्‌महिने तेच दहा वेळा पाय वर करून काही होत नाही. सुरू करण्याआधी सर्जनना विचारा: पायावर पूर्ण वजन टाकायला परवानगी आहे का, आणि आत रॉड-प्लेट आहे की सांधा बदललाय. सांधा बदलला असेल तर खाली बसणं, मांडी घालणं, पाय आत वळवणं याची काही बंधनं असू शकतात.

ताकदीला खाणं लागतं. रात्री थोडी खिचडी नाही तर दूध-भाकरी, एवढ्यावर मांस चढत नाही. ज्येष्ठांना दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत असं तज्ज्ञ सांगतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. मटकीची उसळ, पिठलं, दही, पनीर, चालत असेल तर अंडी, आणि हे तिन्ही जेवणांत विभागून. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

भीतीबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून थोडं जास्त लिहिते. बाबा त्या रात्री किती वेळ जमिनीवर पडून होते? आईला उठवता येत नव्हतं, शेजारी येईपर्यंत काय झालं? हे त्यांना एकदा सांगू द्या. ज्या पुरुषांनी घर चालवलं त्यांना त्या रात्रीची भीतीपेक्षा लाजच जास्त वाटते, असा माझा अनुभव. बाथरूम तसंच ठेवून 'घाबरू नका' म्हणण्यात अर्थ नाही. सिडकोच्या रो-हाउसमधली न्हाणीघरं अरुंद, दाराशी उंबरठा, बऱ्याच घरांत जिनाही नंतर काढलेला, उभा आणि कठड्याशिवायचा. प्लंबरकडून भिंतीत स्टीलचे पकडायचे दांडे पक्के बसवून घ्या, एक कमोडजवळ, एक नळाजवळ. टॉवेलच्या रॉडला धरून कोणी उठू नये, तो भरवशाच्या वेळी भिंतीतून निघतो. रात्रीचा मंद दिवा, गुळगुळीत झालेल्या रबरी सपाता बाहेर. आणि पडल्यावर जमिनीवरून उठायचं कसं, हे फिजिओथेरपिस्टसमोर गादीवर शिकून घ्या: कुशीवर वळणं, कोपरावर येणं, गुडघ्यांवर रांगत खुर्चीपर्यंत जाणं, बैठकीवर हात टेकून चांगल्या पायावर उठणं. सांधा बदलला असेल तर यात थोडा फरक पडतो. 'पडलो तरी उठता येईल' हे एकदा कळलं की चाल बदलते, हे मी वारंवार पाहिलंय.

घरच्यांच्या मायेचाही इथे थोडा हात असतो. पाणी हातात, ताट हातात, 'तुम्ही उठू नका, मी देते'. आईला हे सोडायला सांगणं कठीण आहे, पण सांगा. पाण्याचा तांब्या चार पावलांवर ठेवा. आणि तुमचे पुण्याहून येणारे फोन. 'जेवलात का, व्यायाम केला का, गोळी घेतली का' अशी हजेरी घेतली जात असेल तर दोन आठवडे बंद करा. त्याऐवजी त्यांना येतं ते विचारा. नळाचा वॉशर कोणत्या मापाचा आणू, घरमालक म्हणतो ते वायरिंग बरोबर आहे का.

संशोधनाचं तुम्ही विचारलंत, तर दोन अभ्यास शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. गोव्यात, ज्यांना डिप्रेशनची सुरुवात होती पण पूर्ण आजार नव्हता अशा १८१ ज्येष्ठांवर एक चाचणी झाली, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी त्यांना भेटून अडचणी सोडवायची पद्धत, झोपेच्या सवयी, मधुमेहासारख्या आजारांची काळजी आणि सरकारी योजना मिळवायला मदत एवढंच केलं. वर्षभरात त्या गटात ४.४ टक्के लोकांना डिप्रेशन झालं, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत १४.४ टक्के. दुसरा अभ्यास 'अटेंड', २०१७चा. पक्षाघाताच्या १,२५० रुग्णांचा, देशातल्या १४ रुग्णालयांतला. रुग्णालयातच घरच्यांना पुनर्वसन शिकवायचं आणि पुढे घरी त्यांनीच करून घ्यायचं. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत सारखाच निकाल: ४७ टक्के लोक दगावलेले किंवा परावलंबी. फरक शून्य.

दोन्ही आजार वेगळे, त्यामुळे थेट तुलना होत नाही. तरी मला त्यातून दिसतं ते असं: घरच्यांच्या हातात काम सोपवून यंत्रणेने हात झटकले तर भागत नाही. बाहेरचं कोणी तरी, फार शिकलेलं नसलं तरी चालेल, ठरल्या दिवशी दारात यायला हवं आणि त्याने माणसाच्या पायांबरोबर झोप, औषधं आणि कटकटी यांचीही चौकशी करायला हवी. आपल्याकडे डिस्चार्ज कार्डावर 'फिजिओथेरपी सुरू ठेवा' एवढी एक ओळ असते. आयुष्मान कार्ड २०२४च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न पाहता, ५ लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी मिळतं. ते काढून ठेवा. पण त्याचा आधार मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरचा, घरी येणाऱ्या फिजिओच्या फीला त्याचा उपयोग नाही. खरी अडचण तिथेच आहे, आणि मध्यमवर्गीय घरात तिसऱ्या आठवड्यात फिजिओ बंद होण्याचं खरं कारण पुष्कळदा 'आज नको' नसून खर्च असतो. बाबांच्या मनात तो हिशेब चालू असेल तर तोही एकदा बोलून टाका. फिजिओथेरपी महाविद्यालयांच्या ओपीडीत कमी खर्चात काम होतं, आठवड्यातून एकदा तिथे आणि मधले दिवस घरी वहीप्रमाणे, असं बसवता येतं.

मानसोपचारतज्ज्ञाकडे न नेता भागेल का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण भाऊ विचारेल. सौम्य असेल तर वर लिहिलेल्यानेच फरक पडू शकतो. पण तपासण्या ठीक, प्रश्नावलीचे गुण जास्त, आणि दोन-तीन आठवडे प्रयत्न करूनही खाणं-झोप तशीच असेल तर दाखवाच. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, खासगीतही पर्याय आहेत. गोळी सुरू झाली तर गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. या वयात या गोळ्यांनीही सोडियम उतरू शकतं, म्हणून सुरुवातीला रक्त तपासायचं, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही. गोळी मनासाठी आहे, पायांसाठी नव्हे. पक्षाघातानंतर फ्लुऑक्सेटिन दिल्याने हातपाय लवकर सुधारतील अशी आशा होती. तीन हजारांवर रुग्णांच्या चाचणीत तसं झालं नाही, उलट फ्रॅक्चरं थोडी वाढली.

'मला मोकळं करा', 'तुमच्यावर ओझं झालंय' असं वारंवार बोलणं, अन्नपाणीच सोडणं, एकाएकी कागदपत्रं आणि देणीघेणी आवरायला लागणं, यातलं काही दिसलं तर आठवड्याची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. साठवलेल्या गोळ्या त्यांच्या हाताशी ठेवू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. आणि एकाएकी गोंधळ, दिवस-रात्र न कळणं, नाही ते दिसणं असेल तर ते डिप्रेशन नाही, संसर्ग किंवा औषधाचा परिणाम असू शकतो, तोही तातडीचा विषय.

आईचं तुम्ही एका वाक्यात लिहिलंत. त्या बाबांना काखेत हात घालून ओढून उठवत असतील, बहुतेक घरांत तसंच चालतं. त्याने त्यांची कंबर जाईल आणि बाबांचा खांदा. कमरेला रुंद पट्टा बांधून कसं उठवायचं ते फिजिओथेरपिस्ट एका भेटीत शिकवतील. त्यांचं भजनी मंडळ, बाजार, बहिणीकडे जाणं बंद पडलं असेल तर आठवड्यातून दोनदा कोणाला तरी दोन तास घरी बसवा. बाबांचा एखादा जुना सहकारी मिळाला तर एका दगडात दोन पक्षी.

येत्या शनिवार-रविवारी नाशिकला याल तेव्हा एवढं करा. सगळ्या गोळ्यांची पाकिटं टेबलावर काढून यादी करा, झोपेच्या आणि प्रोस्टेटच्याही. आडवं आणि उभं असं बीपी घ्या. खुर्चीचा पहिला आकडा बाबांच्या हाताने वहीत लिहून घ्या, शून्य असला तरी. सोमवारी फॅमिली डॉक्टरांकडे सोडियम, थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व एकाच रक्तात करून घ्या, म्हणजे बाबांना दोनदा रिक्षात चढउतार करावी लागणार नाही. ते रिपोर्ट, गोळ्यांची यादी आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन सर्जनकडे जा आणि तीनच प्रश्न विचारा: पूर्ण वजन टाकू का, आत रॉड-प्लेट आहे की सांधा बदललाय, आणि ठिसूळ हाडांवर औषध कधी सुरू करायचं.